बेण्याच्या ढिगाची एक बाजू

१

यानाच्या कुशीतली ती खोबणी रिकामी होती. साक्षी खिल्लारेनं बॅटरीचा उजेड आत मारला, कोपरे पाहिले, तुटक्या टोकाची एक वायर बाजूला केली आणि मागे सरली. जेवणाच्या डब्याएवढी नारिंगी पेटी तिथं असायला हवी होती. उड्डाणात काय बिघडलं याची पूर्ण नोंद फक्त त्या पेटीत होती.

"पाहिलंत?" मागून शिवहार म्हणाला. "जग कुठं चाललंय आणि इथल्या लोकांना आभाळातून भंगार पडलं असं वाटलं."

शिवहार यान बनवणाऱ्या कंपनीचा उड्डाणप्रमुख होता. पायातले पांढरे बूट तो ढेकळांवर असे टाकत होता की ढेकळांनीच माफी मागावी. 'इथले लोक' हे शब्द उच्चारताना त्याचं नाक किंचित वर जायचं. तो स्वतः शेजारच्याच कुरुंद्याचा, पण हे त्यानं साक्षीनं विचारल्यावरच कबूल केलं होतं. "वडिलांची हळद होती," तो म्हणाला होता. "त्या वासातून सुटावं म्हणून तर शिकलो."

'भरारी' हे यान बिनमाणसांचं होतं. पृथ्वीभोवती फिरून ते बंगालच्या उपसागरात उतरणार होतं. परतीच्या वाटेवर दिशा सांभाळणारी त्याची काही छोटी इंजिनं तापून बंद पडली, उरलेली गरजेपेक्षा जास्त जळली, यान गिरक्या घेऊ लागलं, त्याचा संपर्क तुटला आणि समुद्र गाठण्याआधीच ते खाली आलं. तिन्ही पॅराशूट उघडली एवढंच काय ते धड झालं. शिरड शहापूरच्या शिवारात, पंचफुलाबाईच्या नुकत्याच हळद काढलेल्या वावरात ते संध्याकाळी टेकलं. कंपनीनं पत्रक काढलं की उड्डाण बहुतांशी यशस्वी. बहुतांशी म्हणजे किती, ते पत्रकात नव्हतं. पुढच्या उड्डाणात तीन माणसं बसणार हे मात्र ठळक अक्षरात होतं.

साक्षी सरकारी तपास कार्यालयातून आली होती. ती हिंगोलीची, भौतिकशास्त्र शिकलेली, आणि सुंदर छापलेली पत्रकं पाहिली की तिच्या कपाळावर आठी पडायची.

"चोर सापडलाय," शिवहार म्हणाला. "तुम्ही कागद पूर्ण करा. पेटी कुठं आहे ते तो मार खाल्ल्यावर सांगेल."

"कोण तो?"

"नामाजी. मेंढरांवाला. उद्या सकाळी कोर्टात नेणार आहेत."

यानाजवळ जमिनीवर त्या खोबणीच्या दाराची झडप पडलेली होती, परातीएवढी, काजळलेली. भोवती पिवळी फीत बांधली होती.

"ही फीत कुणी बांधली?"

"मी. इथल्या लोकांना पुरावा म्हणजे काय ते कळत नाही. कुणीतरी चूल झाकायला नेली असती."

साक्षीनं फितीकडे पाहिलं, झडपेकडे पाहिलं, आणि त्याचे आभार मानले. त्याला ते आवडलं.

२

चौकीत नामाजी भिंतीला टेकून बसला होता. साठीचा माणूस. कान्हेरगावच्या यात्रेत घेतलेला फेटा त्यानं सोडून मांडीवर ठेवला होता. पहिल्यांदा त्यानं विचारलं ते मेंढरांचं.

"सुनेला आवरत न्हाईत ती. एक काळी मेंढी हाय, ती चालली की सगळी चालतेत. कुनाच्या हरभऱ्यात शिरली तं मला दोनदा तुरुंग व्हईल."

"मामा, त्या संध्याकाळचं सांगा."

"काय सांगू बाई. पंचफुलाबाईच्या वावरात मेंढरं बसवायची व्हती, लेंडीखतासाठी. वाघर लावायच्या आधीच ते वरून आलं. मेंढरं उधळली, मी बी उधळलो. मंग गाव जमलं. पोरं त्याच्यावर चढून फोटू काढून राहिली. जळबा जमादार म्हणले, नामाजी, तुझी वाघर लाव भवताल, म्हंजी लोक दूर ऱ्हातेल."

वाघर म्हणजे सुताच्या जाळीचं कुंपण. रात्री मेंढरं त्याच्या आत बसतात आणि सकाळी वावराला खत मिळालेलं असतं. अशा जाळीनं अंतराळयानाचं रक्षण झाल्याचं साक्षीच्या कोणत्याही पुस्तकात नव्हतं.

"मेंढरं यानाला चिटकून बसली?"

"गार झाल्यावर बसली की. काळी मेंढी तं त्याच्या अंगाला अंग लावून बसली. ऊब व्हती."

"दार उघडं होतं का?"

"ध्यान दिलं न्हाई. आमच्या बाजूनं दार नव्हतंच. ते चिंचेच्या अंगाला."

दारात उभा असलेला जळबा जमादार खाकरला. "मॅडम, मी रात्रभर तिथंच व्हतो. रस्त्याच्या बाजूनं. मीबी दार पाह्यलं न्हाई. पर ह्यो माणूस माझ्या डोळ्यासमोरून हलला न्हाई. सकाळी कंपनीचे साहेब आले, म्हणले ही घाण आधी हाकला. घाण म्हंजी मेंढरं. मंग ह्यानं माझ्यासमोर वाघर गुंडाळली अन् मेंढरं वढ्याकडं नेली."

"तेव्हा तुम्ही काय केलं?"

"साहेबांनी मला सडकेला धाडलं, क्रेनवाल्याला वाट दावायला. वापस आलो तं साहेब म्हणून राहिले, दार उघडं, पेटी गायब. अन् धरा नामाजीला."

"काहून धरलं मग? तो तुमच्यासमोरच होता ना?"

जळबा खाली पाहू लागला. "साहेब म्हणले, पेटीचा सिग्नल तं संध्याकाळीच बंद पडला. म्हंजी वाघर लावायच्या आधीच चोरी झाली. तवा मी नव्हतो. ते इंजनेर हायत, मी काय बोलू."

साक्षी उठली. दार संध्याकाळी उघडलं की सकाळी, यावर त्या म्हाताऱ्याची मान अडकली होती. आणि ते ठरवणारी एक गोष्ट शिवहारनं स्वतःच्या हातानं फीत बांधून जपून ठेवली होती.

३

ती वावरात परतली तेव्हा ऊन कलत होतं. दोन वाहिन्यांचे वार्ताहर यानासमोर उभे राहून, यानाला पाठ करून, यानाविषयी बोलत होते. एक जण म्हणत होता की मागास भागातल्या अज्ञानामुळे देशाचं मोठं नुकसान झालं आहे. ज्या इंजिनांनी समुद्राऐवजी वावर गाठलं त्यांच्या अज्ञानाबद्दल तो काही बोलला नाही.

साक्षी फितीच्या आत शिरली आणि गुडघ्यांवर बसली. जळबाला तिनं सोबत ठेवलं होतं.

"जमादार, झडपेवर काय दिसतं?"

"काजळी."

"लेंड्या?"

त्यानं वाकून पाहिलं. "न्हाईत."

"खुराचा ठसा? लोकर?"

"काहीच न्हाई. साफ हाय."

"आता उचला. कडेला धरून, सावकाश."

जळबानं झडप उचलली आणि तशीच धरून राहिला. खाली लेंड्याच लेंड्या होत्या. झडपेच्या कडेखाली आलेल्या चपट्या झाल्या होत्या.

"मेंढरं रात्रभर इथं खेटून बसली," साक्षी म्हणाली. "झडप संध्याकाळपासून इथं पडलेली असती तर लेंड्या तिच्यावर असत्या आणि खाली कोरडी माती. झालंय उलट."

जळबाला ते कळायला वेळ लागला नाही. तो मेंढरांच्या गावचा होता. "म्हंजी मेंढरं गेल्यावर दार उघडलं."

"आणि मेंढरांसोबत नामाजी गेले. तुमच्यासमोर."

"मी सडकेला गेलो. तिथं क्रेनवाला धर्मसिंग आला, आमी संगंच वापस आलो." जळबानं झडप खाली ठेवली, आणि मग त्याच्या लक्षात आलं की तेवढ्या वेळात वावरात कोण उरलं होतं. त्यानं नकळत टोपी सरळ केली.

४

धर्मसिंग वारंगा फाट्याचा. क्रेनच्या पायरीवर बसून तो शेंगा खात होता.

"मला बी विचारा, मॅडम. माझ्या क्रेनचे खिसे बी तपासले सायबानं. म्हणला, तुम्ही फाट्यावरचे लोक कायबी विकता. मी म्हणलं, साहेब, तुमचं इमान विकाया काढलं तं घेनारं कोन हाय, समुंदर सांगून वावरात उतरवता तुमी."

"यान म्हणतात त्याला."

"तेच ते. खाली पडलं की सगळं सारखंच."

सुकन्या जीपच्या मागच्या बाजूला संगणक मांडीवर घेऊन बसली होती. यानाची नियंत्रणप्रणाली तिनं लिहिली होती आणि त्या सकाळी ती शिवहारसोबतच आली होती. पुण्याची मुलगी, डोळे तांबारलेले.

"इंजिनं तापतात हे तुम्हाला ठाऊक होतं?" साक्षीनं विचारलं.

तिनं जवळ कुणी आहे का पाहिलं. "जमिनीवरच्या चाचणीत तापली होती. मी सांगितलं, उड्डाण पुढं ढकला. शिवहार सर म्हणाले, प्रणालीत काहीतरी कर. आता पेटी नाही, तर ते म्हणतील प्रणालीच चुकली."

"पेटीत काय दिसेल?"

"काय आधी झालं ते. इंजिन आधी तापलं की माझी आज्ञा आधी चुकली. संपर्क तुटल्यावरचं सगळं फक्त त्यातच आहे."

म्हणजे पेटी दोघांपैकी एकाला बुडवणार होती. सुकन्या खरं बोलत असेल तर शिवहारला. खोटं बोलत असेल तर तिला.

"सिग्नल संध्याकाळी बंद पडला हे कुणी पाहिलं?"

"सरांनी सांगितलं. तो पडदा त्यांच्याकडे होता."

"त्या सकाळी तुम्ही कुठं होता?"

"इथंच. अँटेना जोडत होते. सर एकटे यानाकडे गेले."

शिवहारला विचारलं तर तो हसला. "मी त्या बांधाला फोनवर होतो. यानाजवळ तीच होती. मुलगी हुशार आहे, मॅडम, पण घाबरट. घाबरलेली माणसं काहीही करतात."

एकाचा शब्द दुसऱ्याविरुद्ध. दोघांचं सामान, जीप, अंगावरचे कपडे, सगळं जळबानं वावराच्या तोंडाशी तपासलं होतं, कारण कंपनीनंच तसा आग्रह धरला होता. पेटी वावराबाहेर गेली नव्हती. वावरात लपवायला ढेकळं सोडून काही दिसत नव्हतं, आणि ढेकळंही पोलिसांनी उकरून झाली होती.

जाता जाता सुकन्यानं विचारलं, "मॅडम, या हळदीला झाड असतं का? मला वाटायचं भुईमुगासारखी शेंग असेल."

त्या वेळी साक्षीनं ते फक्त ऐकून घेतलं.

५

पंचफुलाबाई चिंचेखाली बसून सगळ्यांना शिव्या घालत होती. पोलिसांना, कंपनीला, वार्ताहरांना, आणि नामाजीलाही, कारण तो कामाचा माणूस अर्ध्या वावरात खत टाकून चौकीत जाऊन बसला होता.

"अर्धं राहिलं माझं वावर. यान म्हणं. न्यायचं तं न्या म्हणावं एकदाचं. बस पोरी, च्या घेती का?"

"मावशी, हे काय झाकलंय?"

चिंचेच्या बुंध्याशी कमरेइतका ढीग होता, हळदीच्या वाळल्या पानांनी झाकलेला, भोवती बाभळीच्या फांद्या.

"बेणं हाय. पुढच्या लागवडीचं. हात न्हाई लावायचा त्याला, आखाडाच्या तोंडाला उघडायचं. पोलिसाला बी लावू दिला न्हाई. म्हणलं, तुमच्या पेटीपाई माझं बेणं नासलं तं तुमच्या सायबाला पुरीन तिथं."

साक्षी चहाचा कप हातात धरून ढिगाभोवती फिरली. तीन बाजूंनी पानं कशीही टाकलेली, हातात येतील तशी. यानाच्या अंगाची चौथी बाजू वेगळी होती. तिथं पानांचे देठ वर होते, शेंडे खाली, एक ओळ दुसरीवर अर्धी चढलेली, छपरावरच्या गवतासारखी. सुरेख काम होतं.

"मावशी, हे तुम्हीच झाकलं?"

"मंग काय माझ्या सवतीनं?"

"ही बाजूपण?"

पंचफुलाबाई उठून आली. पाहिलं. तोंडातली शिवी तोंडातच राहिली.

"ही माझी न्हाई," ती म्हणाली. "आमच्याकडं असं कुनी लावत न्हाई. एवढा येळ कुनाला हाय."

"मग कोण लावतं?"

"कुरुंद्याकडची लोकं लावतेत. पानी आत शिरत न्हाई म्हणून. माझी जाऊ तिकडची, ती असं लावी."

साक्षीनं कप खाली ठेवला. जळबाला साक्षीदार म्हणून बोलावलं आणि पानांच्या खालून हात आत सरकवला. गाठाळ, थंड बेणं लागलं, आणि त्याच्या मागे काहीतरी सपाट, कोपऱ्यांचं, धातूचं.

तिनं हात तसाच बाहेर काढला आणि पानं सारखी केली.

"मावशी," ती म्हणाली, "मला तुमचं बेणं थोडं उघडावं लागेल. पलीकडून. आणि त्यावर तुम्ही मला भरपूर शिव्या घालायच्या, सगळ्यांना ऐकू जातील अशा."

"त्याची काळजी नको करू," पंचफुलाबाई म्हणाली.

६

शिव्या खरोखर सगळ्यांना ऐकू गेल्या. शिवहार आणि सुकन्या चिंचेखाली आले तेव्हा ढिगाची मागची बाजू उघडी होती आणि वाळकी पानं विखुरली होती.

शिवहारची नजर आधी पुढच्या बाजूला गेली. पानांच्या ओळी जागच्या जागी होत्या. त्याचे खांदे खाली आले.

"काही मिळालं?" त्यानं विचारलं.

"या बाजूला नाही," साक्षी म्हणाली. "आता हे झाकून द्यायला हवं, नाहीतर मावशी आम्हाला सोडणार नाहीत. सुकन्या, हात लावता?"

सुकन्यानं बाह्या सारल्या आणि पानं उचलून टाकायला सुरुवात केली. आडवी, उभी, जशी येतील तशी. अर्धी घसरून खाली आली. तिनं ती पुन्हा ठेवली. पुन्हा घसरली.

"एवढं तरी नीट करा," शिवहार म्हणाला. त्याला ते झाकून हवं होतं, आणि लवकर. "संध्याकाळ होतेय. लोकांना उगीच त्रास."

"जमत नाहीये, सर."

"संगणकापुढं बसून एवढंच होणार. सरका." त्यानं पांढरे बूट बाभळीच्या फांद्यांवरून अलीकडे टाकले. "खालून सुरू करायचं असतं. शेंडा खाली, देठ वर. अर्धं पान वरच्यानं झाकलं पाहिजे, नाहीतर पाणी आत जातं. कुणी शिकवलं नाही वाटतं इथं कुणाला."

त्याचे हात भराभर चालले. पान घ्यायचं, अंगठ्यानं सपाट करायचं, ठेवायचं. वीस वर्षांपूर्वी ज्या वासातून तो सुटला होता, त्या वासात त्याचे हात अजून मुरलेले होते. दोन ओळी लावून तो थांबला, कारण पंचफुलाबाई गप्प झाली होती, आणि तिचं गप्प होणं कुणालाही ऐकू आलं असतं.

"छान लावता," साक्षी म्हणाली. "अगदी पुढच्या बाजूसारखं."

शिवहारनं हातातलं पान टाकलं.

"कुरुंद्यात हजार घरं असं लावतात," तो म्हणाला.

"हो. पण मेंढरं हाकलल्यावर या वावरात दोनच माणसं होती. त्यांतल्या एकीला हळदीला शेंगा येतात असं वाटतं. दुसऱ्याला हेही ठाऊक होतं की बेण्याचा ढीग आखाडापर्यंत कुणी उघडत नाही. तोवर नामाजी तुरुंगात गेले असते, आणि घरी आल्याच्या निमित्तानं एकदा इकडं फेरी मारली की झालं. एरवी स्वतः उड्डाणप्रमुख रातोरात विमानानं नांदेडला उतरून जीपनं कशाला धावत येईल?"

"संध्याकाळी सिग्नल—"

"झडपेखाली लेंड्या आहेत, वर नाहीत. फीत तुम्हीच बांधलीत. इथल्या कोणत्याही लेकरानं आधी जमीन पाहिली असती. तुम्ही मेंढरांना घाण म्हणालात आणि मग त्या घाणीकडे बघितलंच नाही."

तिनं जळबाला खूण केली. जळबानं पुढच्या बाजूच्या ओळी एकेक उचलल्या, नको इतक्या हळुवारपणे, कोपरापर्यंत हात घातला आणि नारिंगी पेटी बाहेर काढली. तिला माती लागली होती. शिवहार तिच्याकडे न पाहता आपल्या अंगठ्याकडे पाहत होता. तो पिवळा झाला होता.

"तीन माणसं बसणार होती त्यात," सुकन्या हळू आवाजात म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही.

"पुढच्या वेळी इंजिनं सुधारली असती," शिवहार म्हणाला. "यांच्यासाठी एवढा मोठा कार्यक्रम थांबवायचा होता का? एका मेंढपाळासाठी?"

यावर पंचफुलाबाई बोलली, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी नामाजीला कोर्टात न्यायच्या गाडीतून जळबानं वावरात आणून सोडलं. धर्मसिंगनं यान उचलून ट्रकवर चढवलं होतं. वार्ताहर त्याच्या मागे गेले होते. कंपनीनं नवं पत्रक काढलं होतं, त्यात शिवहारचं नाव कुठंच नव्हतं, जणू असा माणूस तिथं कधी कामालाच नव्हता.

सुनेनं मेंढरं आणली होती. काळी मेंढी पुढे. नामाजीनं तिची पाठ चाचपली, मग सुनेच्या खांद्यावरचा वाघरीचा गुंडाळा उतरवून घेतला.

"आलास का," पंचफुलाबाई म्हणाली. "अर्धं वावर टाकून गेला व्हतास."

"न्हेलं व्हतं मला, बाई."

"तेच ते."

नामाजी यान उभं होतं त्या जागी गेला. तिथं गोल काळा डाग होता आणि जळालेल्या आवरणाचे कोळशासारखे तुकडे पडले होते. त्यानं पायानं एक उलटा केला.

"म्याडम, ह्याचं खत व्हते का?"

"नाही होत, मामा."

"मंग कुनाला तरी म्हणा, हे वेचून न्या म्हणून," नामाजी म्हणाला आणि डागाच्या कडेला वाघरीची पहिली मेख ठोकू लागला. "आज रात्री मेंढरं हितं बसवायचीत."